मुक्काम, कोंडी आणि धरणें

पत्राच्या पाकिटावर पत्ता लिहितांना आपण नांवाखालीं ‘मु. पो.’ हीं दोन अक्षरें लिहितों व पुढें गांवाचें नांव घालतों. त्यांतील दुसरें अक्षर इंग्रजी अमदानींतल्या टपालखात्याचें आहे. पहिलें त्याहून पुष्कळ जुनें आहे. ‘मु.’ म्हणजे मुक्काम. ज्या गांवीं आपल्या चार पिढ्या नांदल्या, जेथल्या विहिरीवर आणि बांधावर आपला हक्क नोंदलेला आहे, त्या गांवाच्या नांवामागेंहि आपण मुक्काम हाच शब्द लिहितों. जणूं काय आज रात्रीं येथें उतरलों आहों आणि पहांट होतांच कूच करावयाचें आहे. पेशवेकालीन कागद ज्यांच्या दृष्टीखालून गेले आहेत त्यांना ह्या शब्दाचें मूळ स्थान ठाऊक आहे. पत्र लिहिणारा सरदार आज गोदावरीच्या कांठीं, तर कांहीं महिन्यांनीं चंबळेच्या पलीकडे असे. म्हणून तो कोठून लिहीत आहे हें सांगण्यासाठीं मुक्कामाचें नांव घालणें अवश्य होतें. फौजा गेल्या, डेरे आणि राहुट्या गेल्या, परंतु तो शब्द मात्र आपल्या घराच्या उंबऱ्यापाशीं येऊन राहिला.

इतिहास लिहिणारांचें लक्ष स्वभावतःच गतीकडे असतें. स्वारी, मोहीम, कूच, मजल, छापा हे त्यांचे आवडते शब्द. ‘नंतर फौज तेथें दोन महिने राहिली’ एवढ्या एका वाक्यांत थांबण्याची हकीकत संपते. परंतु ते दोन महिने ज्यांनीं काढले त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर असें दिसून येईल कीं, पुष्कळदां मोहिमेचा निकाल त्या थांबण्यांतच लागून गेलेला असतो आणि पुढची लढाई केवळ त्यावर शिक्कामोर्तब करते. थांबणें ही कांहीं न घडण्याची अवस्था नव्हे. तीहि एक कृति आहे, आणि ती कृति कोणाची, हा प्रश्न इतिहासांत फार महत्त्वाचा आहे. आपल्या भाषेनें हा प्रश्न इतिहासकारांच्या आधींच ओळखला होता असें मला वाटतें. तिच्या शब्दांचाच आधार घेऊन त्याचा थोडा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

‘थांबणें’ हा आपला नेहमींचा शब्द संस्कृत ‘स्तंभ्’ धातूपासून आला. स्तंभ व स्तब्ध हे शब्द त्याच घराण्यांतले. तेव्हां मूळच्या अर्थानें थांबणारा मनुष्य खांबासारखा उभा राहतो. ‘स्था’ धातूचा परिवार तर याहून मोठा आहे. ठाव, ठाणें, ठेवणें, स्थिर, तटस्थ हे सारे त्याचेच वंशज, आणि त्या धातूचाहि अर्थ उभें राहणें हाच. अरबींतून आलेला ‘मुक्काम’ पाहावा तर तेथेंहि तोच प्रकार. ज्या अरबी धातूचा अर्थ उभें राहणें असा आहे, त्यापासून मुक्काम झाला आणि त्याच धातूपासून ‘कायम’ हाहि शब्द झाला. एका रात्रीचा तळ आणि जन्मभराची वस्ती यांचीं नांवें अशीं एकाच उदरांतून निघावीं ही मौजेची गोष्ट आहे. ‘छावणी’ मात्र अस्सल घरची. छावणें म्हणजे शाकारणें, वर आच्छादन घालणें; पावसाळ्यांत डोक्यावर छप्पर हवें, म्हणून तेथें नुसता तळ न पडतां छावणी होई.

ह्या शब्दांबरोबर येणारीं क्रियापदें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. मुक्काम करतात, तळ देतात, छावणी घालतात, ठाणें बसवितात. ह्या प्रत्येक ठिकाणीं करणारा कोणी तरी आहे आणि त्याची इच्छा वाक्यांत उघड दिसते. याच्या समोर दुसरी रांग उभी आहे: अडणें, अडकणें, तुंबणें, खोळंबणें, गोठणें. हे शब्द वापरले कीं करणारा नाहींसा होतो. मनुष्य अडतो, पाणी तुंबतें, काम खोळंबतें. आणि ‘कोंडी’ हा शब्द घेतला तर त्यांत करणारा पुन्हां आहे, पण तो भिंतीच्या बाहेर आहे. आंत असलेल्याच्या वांट्याला फक्त होणें आलें. मी थांबलों, मी अडलों, माझी कोंडी झाली, ह्या तीन वाक्यांत शरीराची स्थिति एकच असली तरी मनुष्याची स्थिति तिन्हींत निराळी आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा पुष्कळ भाग ह्या तीन वाक्यांत सांगतां येतो.

मराठ्यांचें लष्करी वर्ष दसऱ्यास सुरू होई. सीमोल्लंघन झालें कीं फौजा निघत आणि मृगाच्या सुमारास छावणीस लागत अथवा घरीं परतत. याचीं कारणें अगदीं जमिनीवरचीं आहेत. पावसाळ्यांत नद्या दुथडी भरून उताराच्या जागा बंद होतात, काळ्या मातीच्या मुलखांत घोड्याचा पाय निघत नाहीं, आणि शिपायांपैकीं पुष्कळांचें घर शेतीवर चालत असल्यामुळें पेरणीच्या वेळीं त्यांना गांव दिसूं लागे. शिपायाच्या आधीं हा नियम संन्याशांनीं ओळखला होता. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन मुनींचा आणि संन्याशांचा चातुर्मास ह्या सर्वांच्या मुळाशीं हाच पाऊस आहे. वर्षभर चालणाऱ्यानें चार महिने एका जागीं राहावें, यांत कोणाला कमीपणा वाटत नसे. कारण तें थांबणें स्वतः पत्करलेलें होतें आणि त्याचा शेवट कधीं होणार हें आरंभींच ठरलेलें होतें. चांगल्या मुक्कामाचीं दोन लक्षणें येथें सांपडतात. तो आपण करावा लागतो आणि तो आपल्याला उठवितां यावा लागतो.

दुसरें लक्षण सुटलें म्हणजे काय होतें याचा मोठा दाखला औरंगजेबाचा. १६८१ सालीं तो उत्तरेंतून निघाला आणि दक्षिणेंत आला तो पुन्हां परत गेला नाहीं. विजापूर १६८६ सालीं व गोवळकोंडा १६८७ सालीं त्याच्या हातीं आले. १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला. कोणाहि विजेत्यानें येथें मोहीम संपली असें समजून तळ हलविला असता. परंतु राजाराममहाराज जिंजीस गेले, जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला, आणि इकडे संताजी व धनाजी एका जागीं सांपडतच ना. १६९५ पासून चार वर्षें बादशहाची प्रचंड छावणी भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस पडून होती. ती छावणी म्हणजे एक शहरच होतें. त्यांत बाजार होते, कचेऱ्या होत्या, दरबार होता. पुढें तो स्वतः किल्ले घेत फिरला, पण घेतलेला किल्ला टिकेना. अखेर १७०७ सालीं अहमदनगराजवळ त्याचा देह पडला. ह्या पंचवीस वर्षांत त्याला कोणी कोंडलें नव्हतें. परत जाण्याचा रस्ता मोकळाच होता. तरी पण ज्या कामासाठीं तो थांबला तें काम संपेना, आणि काम संपल्यावांचून त्याला उठवेना. मुक्काम करणारा तोच होता. उठणें मात्र त्याच्या हातीं उरलें नाहीं.

ह्या अनुभवांतून मराठ्यांनीं एक विद्या साधली. शत्रूला हरवण्यापेक्षां त्याला थांबविणें सोपें, आणि एकदां योग्य जागीं थांबविला म्हणजे हरविण्याचें काम तहान व भूक करतात. पहिल्या बाजीरावानें १७२८ सालीं निजामाविरुद्ध ही विद्या पूर्णपणें वापरली. निजामाची फौज पुण्याच्या रोखानें आली असतां तिच्यावर चालून जाण्याऐवजीं तो वऱ्हाड, खानदेश, गुजराथ असा फिरत राहिला आणि निजामाला आपल्या मागें ओढीत गेला. तोफखान्याचें ओझें घेऊन हा पाठलाग होईना. शेवटीं फेब्रुवारी अखेरीस वैजापुराजवळ पालखेड येथें निजाम अशा जागीं सांपडला कीं तेथें पाणी नव्हतें व बाहेरून दाणा येण्याची वाट नव्हती. मोठी लढाई म्हणावी अशी झालीच नाहीं. ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. १७३७ च्या अखेरीस भोपाळास पुन्हां हाच प्रकार घडला आणि १७३८ च्या जानेवारींत निजामाला दोराहसराईचा तह करावा लागला. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, जानेवारी १७७९ मध्यें, मुंबईहून निघालेलें इंग्रजांचें सैन्य बोरघाट चढून तळेगांवापर्यंत आलें. पुढचा मुलूख मराठ्यांनीं उजाड करून ठेवला होता. माघार घेतांना तें सैन्य वडगांवास घेरलें गेलें आणि तेथें त्यानें तह केला. तिन्ही ठिकाणीं शत्रूचें शस्त्र त्याच्या हातांतच राहिलें. पाणी, चारा आणि दाणा ह्या तीन वस्तूंनीं निकाल लावला.

हें सर्व मनांत ठेवून आतां अटकेकडे वळावें. ह्या गांवाचें नांवच थांबणें असें आहे. सिंधूच्या कांठीं अकबरानें १५८१ ते १५८३ ह्या काळांत किल्ला बांधला आणि ती जागा अटक ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. अटक म्हणजे अडविणें. आपल्याकडे पोलीस मनुष्याला अटक करतात तीच ही अटक. सिंधू ओलांडून पलीकडे जाऊं नये अशी समजूत उत्तर हिंदुस्थानांत रूढ होती, त्यामुळें नदीला आणि नांवाला एकमेकांचा आधार मिळाला. एप्रिल १७५८ मध्यें रघुनाथरावाच्या फौजा लाहोरांत शिरल्या आणि त्या वर्षीं मराठी तुकड्या अटकेपर्यंत पोंचल्या. त्या दिवसापासून ‘अटकेपार झेंडा लावणें’ ही म्हण मराठींत रुजली. आज मुलगा परीक्षेंत पहिला आला तरी आपण ती वापरतों. ‘थांब’ असें नांव असलेल्या जागेच्या पुढें गेलों, हा अभिमान त्या शब्दांत भरलेला आहे आणि तो सर्वस्वीं रास्त आहे.

परंतु म्हणीनें जें सांगितलें नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. रघुनाथराव स्वतः त्याच उन्हाळ्यांत लाहोराहून परतला. मागें ठेवलेल्या थोड्या फौजेला पंजाबांत पाय रोवतां आला नाहीं, आणि १७५९ च्या अखेरीस अबदाली उतरला तेव्हां मराठ्यांना पंजाब सोडावा लागला. अटकेवर आपण पोंचलों, ओलांडलेंहि. पण तेथें ठाणें बसविलें नाहीं. ठाणें बसविण्यास दरसाल पोंचणारा पैसा लागतो, धान्याचे कोठार लागतात, तेथल्या लोकांशीं जमलेला व्यवहार लागतो, आणि पुण्याहून निघालेला हुकूम पोंचेपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेणारा मनुष्य लागतो. घोड्याच्या वेगानें जिंकलेला मुलूख राखण्यासाठीं घोड्यावरून उतरावें लागतें. ही थांबण्याची विद्या निराळी आहे, आणि पालखेडच्या विद्येंत ती येत नव्हती.

पुढें घडलें तें सर्वांना ठाऊक आहे, तरी आपल्या विषयाच्या अंगानें तें पुन्हां पाहणें योग्य होईल. १० जानेवारी १७६० रोजीं बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडला. सदाशिवरावभाऊ दक्षिणेंतून निघाला, ऑगस्टाच्या आरंभीं त्यानें दिल्ली घेतली आणि १७ ऑक्टोबरास कुंजपुरा घेतला. इतक्यांत ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत अबदालीनें बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांची दक्षिणेकडील वाट धरली. भाऊनें पानिपतास तळ दिला, भोंवतीं खंदक खणला, त्यामागें इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मांडल्या. ह्या क्षणापर्यंत हा मुक्कामच होता; जागा भाऊनें निवडली होती आणि बंदोबस्तहि त्यानेंच केला होता. परंतु दोआबांतून अबदालीची रसद तोडणारा गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारला गेला, दिल्लीकडून येणारी वाट बंद झाली आणि छावणींत दाण्यापाण्याचे हाल सुरू झाले. फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलें होतीं, हजारों बाजारबुणगे होते. लढणाऱ्या हातांपेक्षां खाणारीं तोंडें कितीतरी अधिक होतीं. कोणत्या दिवशीं त्या मुक्कामाची कोंडी झाली तें कोणत्याहि बखरींत सांपडणार नाहीं. मुक्कामाची कोंडी कधीं एका दिवसांत होत नसते. तंबू तेच, खंदक तोच, निशाण तेंच. केवळ उठण्याचा अधिकार खंदकाच्या आंतून बाहेर गेलेला असतो.

१४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज खंदकाबाहेर निघाली. तें निघणें कूच नव्हतें. कोंडी फोडण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता. पानिपतच्या पराभवाचीं कारणें अनेकांनीं अनेक प्रकारें सांगितलीं आहेत. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनीं १९४६ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. मला इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, बत्तीस वर्षांपूर्वीं पालखेडास निजाम ज्या बाजूला होता त्या बाजूला पानिपतास मराठे होते. तीच तहान, तीच भूक, तोच जड तोफखाना. अटकेस आपल्याला राहतां आलें नाहीं आणि पानिपताहून आपल्याला निघतां आलें नाहीं. तीन वर्षांच्या आंत ह्या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि दोन्हींचा विषय एकच आहे. एका ठिकाणीं हवें तेव्हां थांबण्याची ताकद नव्हती, दुसऱ्या ठिकाणीं नको तेव्हां उठण्याची. भाषेनें ह्या दोन्ही जागांचीं नांवें जपलीं. एक अभिमानासाठीं, दुसरें सर्वनाशासाठीं. ‘पानिपत होणें’ आणि ‘अटकेपार जाणें’ हे वाक्प्रचार आपण एकाच श्वासांत वापरतों, पण त्यांचा एकमेकांशीं असलेला संबंध क्वचितच ध्यानांत घेतों.

येथवर फौजांची गोष्ट झाली. ज्याच्याजवळ फौज नाहीं, पैसा नाहीं, दुसऱ्याची वाट अडविण्याचें बळ नाहीं, अशा मनुष्यानें काय करावें? त्यालाहि आपल्या देशानें एक थांबणें दिलें होतें, आणि त्याचें नांव धरणें. कर्ज बुडविणाऱ्याच्या दारांत सावकार किंवा त्याच्या वतीनें ब्राह्मण जाऊन बसे. तो अन्न घेत नसे, उठत नसे. आणि तो बसला असेपर्यंत घरधन्यानेंहि जेवूं नये असा संकेत असे. दारांतला मनुष्य मेला तर त्याचें पाप घरावर. नीट पाहिलें तर ही पानिपतचीच रचना आहे. वेढा आहे, वाट अडलेली आहे, उपास आहे. फरक एवढाच कीं येथें वेढा घालणारा स्वतः उपाशी आहे. शिंद्यांच्या छावणींत राहिलेल्या ब्राऊटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०९ सालच्या आपल्या पत्रांत पगार तुंबल्यामुळें शिपाई धरणें धरून बसल्याच्या हकीकती दिल्या आहेत. म्हणजे ज्या फौजा दुसऱ्यांची कोंडी करीत त्यांच्याच पोटांत, त्यांच्याच सरदारांच्या डेऱ्यापुढें, ही लहान कोंडी चाले.

इंग्रजी राज्याला हा प्रकार मानवण्यासारखा नव्हता. कर्ज वसूल करावयाचें तर न्यायकचेरी होती. दारांत बसून ईश्वरी कोपाचा धाक दाखविणें त्यांच्या कल्पनेंत बसेना. १८६० च्या भारतीय दंडविधानांत ५०८ व्या कलमाखालीं हा गुन्हा ठरविला गेला आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणार्थ दिलेल्या उदाहरणांत धरण्याचा नांवानिशीं उल्लेख आला. तें दंडविधान २०२४ सालच्या जुलैपर्यंत चालू होतें. इतक्या काळांत धरण्यांतला ईश्वरी कोप नाहींसा झाला, पण धरणें राहिलें. सावकाराच्या हातांतून तें शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, विद्यार्थ्याच्या हातीं आलें आणि देणेकऱ्याच्या दाराऐवजीं सरकारच्या दारांत बसलें.

याच काळांत आणखी एका शब्दानें उलटा प्रवास केला. ‘मोर्चा’ म्हणजे वेढा घालणाऱ्या फौजेनें तोफांसाठीं केलेली आडोशाची जागा. जुन्या कागदांत मोर्चे लावतात, मोर्चे बसवितात. मोर्चा चालत नाहीं. आज मोर्चा निघतो, रस्त्यानें चालतो, कचेरीवर जातो. ‘मोर्चेबांधणी’ ह्या शब्दांत मात्र जुना खंदक अजून शिल्लक आहे. किल्ल्याभोंवतीं बसणारी वस्तु अशी पायांनीं चालूं लागली, आणि धरणें मात्र पूर्वीप्रमाणें बसूनच राहिलें. आपल्या सार्वजनिक जीवनांत मोर्चा दारापर्यंत जातो व तेथें धरणें बसतें; जुन्या लष्कराच्या कूच आणि वेढा ह्या दोन क्रिया निःशस्त्र लोकांनीं अशा आपल्याशा करून घेतल्या.

बाजाराच्या थांबण्याला हरताळ म्हणतात. हट्ट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप, असा त्याचा उगम सांगतात. पोथींतील चुकीच्या अक्षरावर फांसतात तो पिवळा हरताळ ह्याहून वेगळा. कारखान्याच्या थांबण्याला आपण संप म्हणतों. गुजराथींत संप म्हणजे एकी. हातमाग असो, गिरणी असो, तेथलें काम एकट्यानें थांबविलें तर त्याला गैरहजेरी म्हणतात. सर्वांनीं मिळून थांबविलें तरच तो संप. २२ जुलै १९०८ रोजीं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. ६ एप्रिल १९१९ रोजीं रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळला गेला. ह्या थांबण्यांची मुदत आधींच ठरलेली होती, आणि म्हणून त्यांचा शेवटहि पाळणाऱ्यांच्याच हातीं राहिला.

पण ज्याची मुदत ठरलेली नव्हती असें एक थांबणें महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाहीं. अलीबाग तालुक्यांतल्या चरी गांवीं १९३३ सालच्या ऑक्टोबरांत आसपासच्या पंचवीसेक गांवांतील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांची शेतें कसावयाचीं नाहींत असें ठरविलें. शेतें पडीक राहिलीं. पडीक हाहि एक थांबण्याचाच शब्द, आणि शेतकऱ्याच्या तोंडीं त्याच्याइतका दुःखाचा शब्द दुसरा नसेल. कुळांनीं मोलमजुरी केली, लाकूडफाटा विकला, मासळी धरली, आणि सहा पावसाळे नांगर टांगून ठेवला. डॉ. आंबेडकरांनीं त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. संप १९३९ सालीं मिटला, आणि त्याच वर्षीं झालेल्या मुंबईच्या कुळकायद्यानें कुळाला संरक्षण देण्याचें तत्त्व मान्य केलें. पानिपतास अडीच महिन्यांत जी भूक असह्य झाली तशा भुकेच्या शेजारीं हे लोक सहा वर्षें राहिले. त्यांना हें शक्य झालें याचें कारण त्यांची सहनशक्ति अधिक होती असें नव्हे. ते एका खंदकांत अडकलेले नव्हते. जंगल होतें, खाडी होती, एकमेकांचीं घरें होतीं. आणि शेत कसण्याचा निर्णय पुन्हां घेण्याचा अधिकार अखेरपर्यंत त्यांच्या स्वतःकडे होता.

याच्या शेजारीं १९८२ चा मुंबईचा गिरणीसंप ठेवावा. १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं काम थांबविलें. आरंभीं तो अगदीं स्वेच्छेचा मुक्काम होता. एकी होती, जागा आपली होती. पण वर्ष गेलें, दुसरें वर्ष आलें, आणि कित्येक मालकांना गिरण्या बंद राहिल्या तरी चालत होतें. कामगार गांवीं परतले, बदली मिळाली नाहीं, पुष्कळ गिरण्यांची धुराडीं पुन्हां पेटलींच नाहींत. तो संप रीतसर मागें घेतल्याचें कोणी जाहीर केलें नाहीं. ज्या थांबण्यानें समोरच्याचें कांहीं अडत नाहीं तें थांबणें आपल्यालाच कोंडतें, हें सत्य गिरणगांवानें फार मोठी किंमत देऊन जाणलें. ह्यांत त्या कामगारांच्या धैर्याला कोठेंहि उणेपणा येत नाहीं; पानिपताच्या शिपायांच्या शौर्याला तरी कोठें येतो?

राज्यकर्ते, पुढारी आणि सामान्य गृहस्थ ह्या सर्वांनाच थांबण्याचे प्रसंग येतात. कधीं प्रश्न ‘स्थगित’ ठेवला जातो. ह्या शब्दाचा मूळ अर्थ झांकलेला असा आहे, आणि ‘ठग’ हा शब्दहि त्याच धातूचा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कधीं मनुष्य तटस्थ होतो, म्हणजे प्रवाहांत न शिरतां कांठावर उभा राहतो. यांपैकीं कोणतेंहि थांबणें मुळांतच चांगलें किंवा मुळांतच वाईट नसतें. तें कोणी आरंभिलें आणि तें संपविण्याची सत्ता कोणापाशीं आहे, एवढ्यावरून त्याची किंमत ठरते.

मराठी भाषेनें ह्या सर्व थांबण्यांच्या शेवटासाठीं एकच क्रियापद ठेवलें आहे. तळ उठतो, छावणी उठते, वेढा उठतो, धरणें उठतें, बाजारहि उठतो. बसलेल्यानें केव्हां तरी उठावयाचें आहे, ही गोष्ट तिनें गृहीत धरलेली आहे. म्हणून कोठें बसण्याची वेळ आली तर बसण्याची जागा पाहण्याच्या आधीं उठण्याची वाट पाहून ठेवावी. पालखेडास निजामानें ती पाहिली नाहीं, पानिपतास आपण ती राखूं शकलों नाहीं, आणि चरीच्या कुळांनीं ती शेवटपर्यंत हातची जाऊं दिली नाहीं.